बेबी बेंझ आणि ई-३०: चार दिवस, दोन म्हाताऱ्या गाड्या आणि गणपतीपासून चालू असलेलं भांडण

आधी गाड्यांचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझ्याकडे मर्सिडीज १९० ई २.६ आहे, म्हणजे लोक जिला 'बेबी बेंझ' म्हणतात ती, १९९० ची, ऑटोमॅटिक, रंग 'रौखझिल्बर' म्हणजे धुरकट चंदेरी, उन्हात सोनेरी दिसतो आणि पावसात चहाच्या जुन्या पातेल्यासारखा. मित्राकडे बीएमडब्ल्यू ३२५ आय, म्हणजे ज्याला सगळे ई-३० म्हणतात ती, १९८९ ची, लाल, चार दारांची, पाच गिअरची मॅन्युअल. दोन्हीत एका रांगेतले सहा सिलेंडर, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना. माझी १६० पीएस (जर्मन हॉर्सपॉवर), त्याची १७०. दोन्ही मॉडेलं १९८२ च्या शेवटी एकमेकांच्या नाकासमोर बाजारात आली आणि तेव्हापासून जर्मनीत दोन तट पडलेत, आपल्याकडे बुलेटवाले आणि यामाहावाले होते तसे.

मित्र साताऱ्याचा, आम्ही त्याला सातारकरच म्हणतो, आडनाव वेगळं आहे पण ते आता कोणाला आठवत नाही. तो म्युनिकला, मी स्टुटगार्टजवळ झिंडेलफिंगनला, म्हणजे दोघंही आपापल्या गाडीच्या गावात राहतो, हे ठरवून नाही, नोकऱ्या तिथे लागल्या. दरवर्षी गणपतीत आरती झाली की जेवणाच्या रांगेत आमचं सुरू, त्याचं म्हणणं "तुझी गाडी रिटायर झालेल्या काकांची आहे लका" आणि माझं म्हणणं "तुझी गाडी पावसात घराबाहेर काढायची नाही". शेवटी माझी बायको म्हणाली एकदा काय ते चालवून बघा आणि आमचा जीव सोडा. जूनमध्ये फ्रोनलाइखनाम या ख्रिस्ती सणाची सुट्टी गुरुवारी येते, बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्न दोन्हीकडे, शुक्रवार टाकला की चार दिवस. माझी नऊ वर्षांची लेक पण येणार म्हणाली. नियम एकच, रोज दुपारी जेवण झालं की किल्ल्या बदलायच्या.

दिवस पहिला, गुरुवार: स्टुटगार्ट ते बाडेन-बाडेन

सातारकर पहाटे म्युनिकहून निघून साडेनऊला उंटरट्युर्कहाइमला मर्सिडीजच्या म्युझियमपाशी हजर. बरोबर भडंगाचा डबा आणि वहिनींनी दिलेल्या दशम्या. आल्या आल्या पहिलं वाक्य, "टॅक्सी कुठंय तुझी?"

म्युझियमचं फार सांगत नाही. २००६ ची इमारत, लिफ्टने सगळ्यात वर जायचं आणि गोल गोल उतरत खाली यायचं, वर लिफ्टचं दार उघडलं की समोर गाडी नाही तर घोडा उभा. लेक खूश. मला जे दाखवायचं होतं ते म्हणजे १९० ची गोष्ट, कारण सातारकरला वाटतं खेळाडू गाडी फक्त त्यांच्याकडे होती. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इटलीत नार्दोच्या गोल ट्रॅकवर १९० ई २.३-१६ या मॉडेलने ५०,००० किमी धावून सरासरी ताशी २४७.९ किमीचा विक्रम केला, त्यात पेट्रोल भरायला आणि टायर बदलायला थांबलेला वेळ पण आला. आणि १२ मे १९८४ ला न्युर्बुर्गरिंगचा नवा ट्रॅक उघडला तेव्हा वीस एक मोठमोठ्या ड्रायव्हरांना सारख्याच १९० देऊन शर्यत लावली, लाउडा, प्रोस्ट, रोसबर्ग, म्हातारे मॉस आणि ब्रॅबहॅमसुद्धा, आणि त्या सगळ्यांना मागे टाकून जिंकला कोण तर ब्राझीलचा एक पोरगा, फॉर्म्युला वनमध्ये येऊन जेमतेम दोन महिने झालेला, आयर्टन सेन्ना. लाउडा दुसरा. हे सगळं मी सांगतोय आणि सातारकर म्हणतो, "बरोबर आहे, पण ती तुझी गाडी नव्हं. तिचं इंजिनाचं डोकं इंग्लंडच्या कॉसवर्थनं केलेलं, तुझ्यात ऑटोमॅटिक आणि मागं टिश्यूचा डबा." यावर काय बोलणार.

अकराला निघालो. ए-८१ या ऑटोबानने हेरनबर्ग, मग बी-२८ या साध्या महामार्गाने नागोल्ड, आल्टनस्टाइग करत फ्रॉइडनश्टाट. सकाळच्या पाळीत आपापली गाडी. माझी गाडी कशी चालते हे मला माहितीच आहे, मोठं स्टिअरिंग, ऑइल प्रेशरचा काटा ३ वर चिकटलेला, एकच लांब वायपर, आणि गिअर टाकला की क्षणभर विचार करून निघते. ही ऑटोमॅटिक साधं निघताना सेकंडलाच निघते, फर्स्ट पाहिजे असेल तर पाय दाबून मागावा लागतो, सरकारी कचेरीत अर्ज केल्यासारखा.

फ्रॉइडनश्टाटच्या त्या अवाढव्य चौकात दशम्या खाल्ल्या, किल्ल्या बदलल्या, आणि नेमका तेव्हाच पाऊस आला.

आता इथे थोडं थांबून सांगायला पाहिजे कारण सगळ्या ट्रिपचं खरं इथेच झालं. पुढचा रस्ता म्हणजे बी-५००, श्वार्त्सवाल्ड होखश्ट्रासं, फ्रॉइडनश्टाट ते बाडेन-बाडेन साठ एक किलोमीटर, डोंगराच्या माथ्यावरून, बऱ्याच ठिकाणी ७० ची मर्यादा, सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलींची जत्रा. मी पहिल्यांदाच ई-३० मध्ये बसलो. बसताक्षणी एक गोष्ट कळते, सगळा डॅशबोर्ड ड्रायव्हरकडे वळवलेला आहे, रेडिओ, हीटर, सगळं, शेजारी बसलेल्याला काही विचारायची पद्धत नाही. आरशाच्या वर एक छोटी पट्टी, ती सांगते कुठला दिवा गेला, पाणी कमी आहे का. काचा मोठ्या, खांब बारीक, गाडीचे चारही कोपरे दिसतात. आणि स्टिअरिंग. बीएमडब्ल्यूत रॅक अँड पिनियन आहे, मर्सिडीजमध्ये त्या काळी रिसर्क्युलेटिंग बॉल, म्हणजे मधे एक पेटी आणि तिच्यात गोळ्या फिरतात, जुन्या ट्रकमध्ये असायचं त्यातलंच पण फार नीट केलेलं. फरक हाताला लगेच लागतो, ई-३० मध्ये रस्त्यावरची पांढरी पट्टी ओलांडली तरी तळहाताला कळते, माझ्या गाडीत पट्टी ओलांडल्याचं पत्र दोन दिवसांनी येतं.

तर मी हवेत. क्निबिसच्या पुढे रस्ता उघडतो, धुकं, खाली दरी, १९९९ च्या डिसेंबरात लोथार वादळाने इथलं जंगल आडवं केलं होतं तो भाग लागतो, आणि मी एका लांब डाव्या वळणात जरा जास्त जोरात गेलो, फार नाही, पण पुढे मोटरसायकलवाला हळू झाला आणि मी ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला. बस. मागचा भाग हलका झाला. घसरली असं म्हणता येणार नाही, पण गाडीचा मागचा अर्धा भाग वेगळ्या मताचा आहे असं कळलं, अर्धा सेकंद. मी स्टिअरिंग थोडं उलटं दिलं, झालं सरळ. लेक माझ्याबरोबर मागे बसलेली, तिला काही कळलंही नाही, ती काच हाताने फिरवून वर-खाली करण्यात गुंग, आमच्या गाडीत बटन आहे म्हणून तिला हे मोठं नवल.

याचं कारण मेकॅनिकल आहे, नशिबाचं नाही. ई-३० ला मागे सेमी-ट्रेलिंग आर्म आहेत, म्हणजे प्रत्येक मागच्या चाकाला एक तिरपा हात, स्वस्त, साधा, मजबूत. पण वळणात पाय काढला की वजन पुढे जातं, गाडीचा मागचा भाग उचलला जातो, आणि तो हात तिरपा असल्यामुळे चाकाची दिशा किंचित बदलते, नेमकी नको तेव्हा. १९० मध्ये १९८२ लाच मर्सिडीजने मल्टिलिंक दिलं, जर्मनमध्ये राउमलेंकरआख्स, प्रत्येक मागच्या चाकाला पाच वेगवेगळ्या दांड्या, चाक वर गेलं खाली गेलं तरी दिशा जवळपास तीच. सहा वर्षांनी, १९८८ च्या आसपास बीएमडब्ल्यूने झेड-१ या दोन सीटच्या गाडीत मागे वेगळी रचना आणली आणि ती मग १९९० च्या ई-३६ मध्ये, म्हणजे ई-३० च्या पुढच्या पिढीत घातली. म्हणजे ई-३० जन्मभर जुन्याच हातावर राहिली.

मुमेलझेला थांबलो, १,०३६ मीटरवरचं तळं, पावसात काळं दिसतं. माझ्यामागून सातारकर माझ्या १९० मधून आला, अगदी निवांत, एक हात खिडकीवर, आणि म्हणाला, "काय रे, मागं का पडला?" मी म्हटलं मी पुढे होतो. तो म्हणाला, "वळणावळणाला मी तुझ्या डिकीत येत होतो, पाय मागं घ्यावा लागत होता." म्हणजे काकांच्या गाडीतला माणूस ओल्या घाटात वाट बघत होता आणि मी खेळाडू गाडीत घाम पुसत होतो. हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं हे लिहून ठेवतो कारण पुढच्या गणपतीत तो नाकबूल करणार आहे.

बाडेन-बाडेनला एका जुन्या पेन्शनात, म्हणजे छोट्या गेस्टहाउसात मुक्काम. रात्री दोघांनी पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन दोन्ही गाड्यांच्या मागून खाली बघितलं. मालकीणबाई वरून खिडकीतून बघत होत्या, त्यांना वाटलं असेल काहीतरी हरवलंय.

दिवस दुसरा, शुक्रवार: बी-३३ धरून बोडनझे

हा दिवस पटकन सांगतो. ए-५ ने ओफनबुर्ग आणि तिथून बी-३३ धरला तो संध्याकाळपर्यंत जवळपास सोडलाच नाही. किन्त्सिगची दरी, हाउसाख, होर्नबेर्ग, ट्रिबेर्ग. ट्रिबेर्गला धबधबा बघितला, सगळे टप्पे मिळून १६३ मीटर, पण ठोसेघर बघितलेल्या माणसाला घेऊन गेलं की "हां, बरा आहे" एवढंच मिळतं. लेकीला कुकू घड्याळ पाहिजे होतं, किंमत बघून आम्ही तिला केक दिला. डोनाउएशिंगनला ब्रिगाख आणि ब्रेग मिळून डोनाऊ होते, कृष्णा-वेण्णा संगमासारखंच, माहुलीचा घाट मात्र नाही.

मधे गाड्यांबद्दल एक कळलं ते असं की लांब पल्ल्याला मागे बसणाऱ्याचं मत वेगळं असतं. लेकीने दोन्हीत मागे बसून जाहीर केलं की बाबांच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही आणि सातारकर काकांच्या गाडीत पण नाही. खरं आहे. १९० चा व्हीलबेस २,६६५ मिलिमीटर आणि ई-३० चा २,५७०, म्हणजे माझ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साडेनऊ सेंटिमीटर जास्त आहे, पण ते सेंटिमीटर मर्सिडीजने कुठे ठेवले ते आम्हाला सापडले नाहीत. सीट मात्र माझी चांगली. कडक, सुरुवातीला बाकड्यासारखी वाटते आणि सहा तासांनी कळतं पाठ का दुखत नाहीये. ई-३० ची मऊ आहे आणि चौथ्या तासापासून आपण कूस बदलायला लागतो. पेट्रोलला माझी १०.८, त्याची ९.६, शंभर किलोमीटरला लिटर, दोघांचा पाय सारखाच जड धरला तर.

बी-३३ ची गंमत म्हणजे तो कोन्स्टान्झला बोडनझेच्या तळ्यापाशी येतो आणि पलीकडे मेअर्सबुर्गला परत सुरू होतो, मधलं काम फेरी करते, पंधरा मिनिटं, रात्री-बेरात्री पण चालू. फेरीवर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर एक आजोबा आले, १९० वर हात फिरवला, म्हणाले माझ्याकडे होती, २.० ची, चार लाख किलोमीटर. मग ई-३० कडे बघून म्हणाले, आणि ही माझ्या मुलाकडे होती. पुढे काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

मेअर्सबुर्गच्या चढाच्या अरुंद गल्लीत मी ई-३० लावली. हे वाक्य लक्षात ठेवा.

दिवस तिसरा, शनिवार: ओबेरयोख

सकाळी सातारकरने किल्ली फिरवली. टक. परत टक. पट्टीवरचे दिवे मंद.

मला तेव्हाच शंका आली पण मी गप्प बसलो. त्याने दार उघडलं, बघितलं, आणि माझ्याकडे वळून एकदम शांतपणे म्हणाला, "इंडिकेटरचा दांडा खाली आहे." तर झालं असं होतं की जुन्या जर्मन गाड्यांना पार्किंग लाइट असतो, अरुंद रस्त्यावर रात्री गाडी लावली तर रस्त्याकडच्या एकाच बाजूचे बारीक दिवे लावून ठेवायचे. मर्सिडीजमध्ये तो दिव्याच्या गोल बटनावर असतो. बीएमडब्ल्यूत गाडी बंद करून इंडिकेटरचा दांडा एका बाजूला राहिला की त्या बाजूचे दिवे लागतात. मी चढावर गाडी लावताना डावीकडे इंडिकेटर दिला, चाकं फिरवली, बंद केली, आणि दांडा तसाच. रात्रभर त्याच्या गाडीची डावी बाजू शहाण्यासारखी जळत राहिली. बॅटरी पण म्हातारी.

मग जंपर केबल. आणि इथे दोन्ही गाड्यांचा स्वभाव बघायला मिळाला. १९० चं बॉनेट नेहमीसारखं मागच्या बिजागरीवर उघडतं, पण एक खिटी दाबली की सरळ नव्वद अंशात उभं राहतं, वैद्यासमोर तोंड उघडल्यासारखं, सगळं दिसतं. ई-३० चं बॉनेट उलटं, बिजागरी पुढे आणि उघडतं काचेकडून. म्हणजे नाकाला नाक लावून गाड्या उभ्या केल्या तर त्याचं बॉनेट माझ्या गाडीवर पालथं येतं. त्या गल्लीत बाजूला बाजू लावायला जागा नाही. शेवटी सातारकर, मी आणि समोरच्या बेकरीतून पाव घेऊन निघालेले एक गृहस्थ अशा तिघांनी ई-३० ढकलून कोपऱ्यावर आणली, तिथे दोन्ही शेजारी बसल्या. लाल वायर प्लसला प्लस, काळी माझ्या मायनसला आणि दुसरं टोक त्याच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. पहिल्या स्टार्टला सुरू. लेकीने टाळ्या वाजवल्या. सातारकर तासभर माझ्याशी बोलला नाही, नंतर म्हणाला, "एवढ्या वर्षांत काकाच्या गाडीचा पहिला उपयोग झाला."

बी-३१ ने लिंडाउ आणि तिथून बी-३०८, हीच डॉइच आल्पेनश्ट्रासची सुरुवात. पाऊस गेलेला, कडक ऊन, शायडेगच्या पुढे गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात एवढ्या जवळून. ओबेरश्टाउफन, इमेनश्टाट, झोंटहोफन. बाड हिंडेलांगला जेवलो, केसश्पेट्झलं म्हणजे चीज घातलेल्या तिकडच्या शेवया, शनिवार होता म्हणून सातारकर शाकाहारी, नाहीतरी चीज आणि तळलेला कांदा असल्यावर कोणाची तक्रार नसते.

आणि मग ओबेरयोखचा चढ. बाड हिंडेलांगवरून ११७८ मीटरच्या खिंडीपर्यंत शंभराहून जास्त वळणं, एकेक मोजून घेतल्यासारखं, कोरडं डांबर. याच चढावर जुन्या गाड्यांची चढाईची शर्यतही भरते. दुपारची पाळी, म्हणजे ई-३० परत माझ्याकडे. लेकीला मुद्दाम १९० मध्ये बसवली.

काय सांगू. पहिल्या दिवशी मी ज्या गाडीला घाबरलो तीच गाडी. सेकंड, थर्ड, सेकंड. इंजिन ४,००० च्या वर गेलं की आवाज जाड होतो, आणि इंजिनच्या आवाजावरूनच कळतं आता गिअर बदलायचा, मीटर बघायची गरज नाही. चढ असल्यामुळे पाय काढायची वेळच येत नाही, वळणाच्या आधी ब्रेक, आत शिरताना पाय परत दाबलेला, मग मागची चाकं गाडीला वळणाबाहेर ढकलतात आणि पुढची चाकं फक्त दिशा दाखवतात. दोन्ही कामं वेगवेगळ्या चाकांना वाटून दिलेली आहेत हे स्टिअरिंगवर समजतं. चिंचवडला आमच्याकडे फियाट होती, प्रीमियर पद्मिनी, ती पण मागच्या चाकांचीच आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, बाबा खंडाळ्याच्या घाटात असंच वळणाआधी सगळं उरकून घ्यायचे आणि आत गेल्यावर पाय हलवायचे नाहीत. मला तेव्हा वाटायचं ते गाडीला जपतायत. ते बरोबर चालवत होते.

वर पोचलो तेव्हा मी हसत होतो हे सातारकरने बघितलं. तो १९० मधून दोन मिनिटांनी आला. "चढाला ही गाडी झोपते," म्हणाला. म्हटलं झोपत नाही, गिअरबॉक्स तुझ्याआधी विचार करते आणि चुकीचा करते, सिलेक्टर हाताने ३ वर, २ वर ओढ, मग बघ. पुढच्या एका उतारावर त्याने ओढून बघितलं आणि तिथे मात्र खूश झाला, ब्रेकला हात न लावता गाडी उतरते म्हणून. साताऱ्याचा माणूस, पसरणी घाटात सुमोवर गाडी शिकलेला, त्याला उतार कळतो.

संध्याकाळी फ्युसनला पोचून तळ्याकाठी बसलो तेव्हा पहिल्यांदा भांडण जरा नीट झालं. माझं म्हणणं मी मांडलं ते असं की लोक म्हणतात ई-३० म्हणजे चालवणाऱ्याची गाडी, ते खरं आहे पण त्याचं श्रेय चाकांखालच्या रचनेला देतात ते चूक आहे. तिथे ती १९० च्या मागे आहे. तिची जादू स्टिअरिंग, गिअरबॉक्स आणि इंजिन, म्हणजे माणसाच्या हातापायाला लागणाऱ्या तीन गोष्टी. उलट मर्सिडीजने चाकांखाली शर्यतीच्या लायकीचं काम केलं आणि वर हाताला लागणारं सगळं गादीत गुंडाळलं, गिऱ्हाईक काका असणार म्हणून. डीटीएम या जर्मनीतल्या टूरिंग गाड्यांच्या शर्यतींत एम-३, म्हणजे ई-३० चीच शर्यतीची बहीण, आणि १९० वर्षानुवर्षं एकमेकांना चावत होत्या, १९८७ ला आणि ८९ ला एम-३ चा ड्रायव्हर चॅम्पियन, ९२ ला क्लाउस लुडविग १९० मधून, तर ते उगाच नाही. गादी काढली की खाली तेच होतं.

सातारकर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हंजे तुझं म्हणणं असं की माझ्या गाडीचं वरचं आणि तुझ्या गाडीचं खालचं." म्हटलं हो. "मग ती ई-३६ झाली की." आणि तिथे मला काही उत्तर सुचलं नाही, कारण खरंच झाली, आणि आम्हा दोघांनाही ई-३६ आवडत नाही.

दिवस चौथा, रविवार: ए-९५ आणि म्युनिक

फ्युसनहून सीमा ओलांडून ऑस्ट्रियातलं रॉयटं, मग प्लानझेच्या काठाकाठाने. या रस्त्याबद्दल काही लिहीत नाही, पाण्याचा रंग सांगून पटणार नाही. वर अमरझाटलला परत जर्मनी, लिंडरहोफ, एटाल, आणि ओबेराउला खाली उतरून ए-९५.

ए-९५ वर बऱ्याच भागात वेगमर्यादा नाही, १३० ची नुसती शिफारस, आणि दोन लेन, रस्ता मोकळा. सकाळची पाळी म्हणून मी माझ्या १९० मध्ये, मागे लेक. १५० ला नेली, १६० ला नेली. ही गाडी वाऱ्यातून जायला केलेली आहे, मागून ती उंच आणि टोकाशी निमुळती डिकी दिसते ना ती उगाच नाही, मर्सिडीजचा डिझायनर ब्रुनो साको याच्या लोकांनी ती हवेसाठीच तशी काढली. १६० ला लेकीशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं. ती विचारत होती बाबा तू लहान असताना हीच गाडी होती का. नव्हती. १९९५ ला पिंपरीत टेल्कोच्या आवारात हिची मोठी बहीण, डब्ल्यू १२४, जोडायला सुरुवात झाली, बाबा टेल्कोतच होते, आणि एक दिवस शाळेतून येताना फाटकातून एक काळी बाहेर पडताना बघितली, दार लावल्याचा आवाज रस्त्याच्या या बाजूला आला. आवाज आला म्हणजे काय, बँकेची तिजोरी लावल्यासारखा. ती घेणं तेव्हा शक्य नव्हतं, आत्ताही चांगली मिळाली तर महाग, म्हणून ही धाकटी.

श्टार्नबेर्गच्या आधी थांबून कॉफी घेतली, किल्ल्या बदलल्या, नियमाप्रमाणे अजून जेवण झालं नव्हतं पण सातारकरला म्युनिकमध्ये मर्सिडीज चालवत शिरायचं होतं, त्याची कॉलनी बघणार म्हणून. खरंच असं म्हणाला. मी शेवटचे वीस किलोमीटर ई-३० मध्ये. १४० ला ती बोलायला लागते, वारा खांबांपाशी शिट्टी घालतो, इंजिन ऐकू येतं, आणि मजा अशी की ऑटोबानवर हे सगळं मला नको होतं, घाटात पाहिजे होतं.

पेटुएलरिंगला बीएमडब्ल्यूच्या त्या चार नळकांड्यांच्या इमारतीसमोरून गेलो. शेजारी म्युझियमची गोल वाटी, म्युनिकचे लोक तिला सॅलडचं भांडं म्हणतात. सातारकर आत जाऊया म्हणाला, पण लेक झोपलेली आणि वहिनींनी फोन केलेला की पोळ्या गरम आहेत. सरळ घरी.

जेवताना वहिनींनी विचारलं, मग काय ठरलं? सातारकर म्हणाला, "पावसात ह्याची, घाटात माझी." मी म्हटलं आणि लांबच्या रस्त्याला? तो म्हणाला, "आयसीई ट्रेन." वहिनींनी आमटी वाढली.

निघताना त्याने माझी सीट परत होती तशी केली नव्हती, तो माझ्यापेक्षा वीतभर उंच, मी बसलो तर पाय पेडलपर्यंत पोचेनात. ए-८ ने घरी, अडीच तास, आउग्सबुर्गच्या पुढे परत पाऊस, तो एकटा वायपर आपला इमाने इतबारे इकडून तिकडे. उल्मपर्यंत माझा उजवा हात तीनदा गिअर बदलायला गेला आणि सिलेक्टरला लागून परत आला.

रात्री साडेनऊला घरी पोचलो, लेकीला उचलून वर ठेवली, आणि सामान घ्यायला खाली आलो तेव्हा इंडिकेटरचा दांडा मधे आहे ना ते दोनदा बघितलं. माझ्या गाडीत त्याचा काही संबंध नसतो. वर आलो तर सातारकरचा मेसेज, नवीन बॅटरीचं बिल, खाली एकच ओळ: "गणपतीत आण रोख."